हिरवं तेवढं ठेवा

तो खरं तर प्रिंटरसाठी आला होता.

प्रिंटर होता मोठ्या बाईंच्या केबिनबाहेर, आणि तिकडे जायची वाट तिच्या खुर्चीच्या अगदी मागून. तो हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन तिथून चालला होता, आणि नेमका तेव्हाच तिचा कॉम्प्युटर गोठला. माऊस हलेना, अक्षर उमटेना. तिने वैतागून टेबलावर कपाळ टेकलं आणि म्हणाली, "मर एकदाचा!"

"मी?" मागून आवाज आला.

तिने मान वर केली. बाहेर पावसाची भुरभुर होती, त्यामुळे त्याच्या चष्म्यावर थेंब होते आणि थेंबांमागचे डोळे हसत होते.

"तुम्ही नाही हो. हा!"

"हा मरत नाही. याला श्वास घ्यायला जागा नाहीये." तो जरासा वाकला. पडद्यावर वरच्या कडेला टॅबची अशी दाटी झाली होती की एकेकाचा नुसता कंगव्याचा दात उरला होता. "बापरे! एवढे टॅब? बंद का नाही करत?"

"लागतात."

"सगळे?"

"तुमच्या घरात भांडी किती आहेत हो? आहेत म्हणजे लागतातच ना?"

"लागतात. पण मी सगळी एकदम गॅसवर चढवत नाही."

तिने निमूटपणे माऊस त्याच्याकडे सरकवला. तिने वाद असा सोडून देणं ही त्या ऑफिसातली बातमीच होती, पण ऐकायला जवळपास कोणी नव्हतं म्हणून बरं.

मुलांसाठी माहितीची पुस्तकं काढणारं ते छोटंसं प्रकाशन. छापायला जाणारी प्रत्येक ओळ खरी आहे की नाही हे बघायचं तिचं काम. मोठ्या बाईंचा दंडकच होता, दोन वेगवेगळे पुरावे असल्याशिवाय एकही ओळ पुढे सरकायची नाही. देवमासा किती लांब असतो, मध का नासत नाही, घड्याळाचे काटे उजवीकडेच का फिरतात... एकेका वाक्यासाठी ती दहा-दहा पानं उघडून बसायची आणि पुस्तक छापून आलं तरी ती मिटायची नाही. कोण जाणे, पुढच्या आवृत्तीत कोणी काही विचारलं तर! तिच्या या स्वभावामुळे सगळं ऑफिस तिला शंकाताई म्हणायचं, तिच्या तोंडावरही.

त्याचं नाव मात्र पाठीमागे घेतलं जायचं. ज्या कंपनीकडे कॉम्प्युटरच्या देखभालीचं काम होतं तिचा तो माणूस. तो आला की आधी चहा, मग खुर्ची पुसायची, मग मोठ्या बाई स्वतः केबिनबाहेर येऊन "प्रवास कसा झाला" विचारणार. तो रुसून निघून गेला तर सगळंच ठप्प, म्हणून ही खातिरदारी. तेव्हा नाव पडलं जावईबापू. त्याला ते ठाऊक होतं. दारातून आत येताना कधीकधी तोच म्हणायचा, "जावई आलाय, चहा टाका."

त्या दिवशी प्रिंटर तसाच राहिला आणि जावईबापू शंकाताईच्या शेजारी स्टूल ओढून बसले. मशीन बंद करून चालू केलं. पासवर्ड विचारणारी चौकट आली, तसा तो मान वळवून खिडकीबाहेर बघायला लागला. तिने पासवर्ड टाकला तरी बघतच राहिला, ती "झालं" म्हणेपर्यंत.

तिला ते फार आवडलं. लोक बोटांकडे टक लावून बघत बसतात, हिला त्याचा मनस्वी राग. आणि हा बघा... भिजलेल्या काचेतून समोरची भिंत बघत होता, जणू भिंतीवर फार काही महत्त्वाचं लिहिलंय.

"तुमचा ब्राउझरच बदलायला हवा," तो म्हणाला. "हा एकेका टॅबमागे ढीगभर मेमरी गिळतो. मी तीन स्थळं आणतो. एकेक आठवडा बघा, मग सांगा."

"स्थळं?"

"मग काय! पहिला दिसायला देखणा, पण खादाड. दुसरा मिताहारी, साधा. फक्त जरा माणूसघाणा आहे, सगळ्याच साइटशी त्याचं पटत नाही. तिसरा वेगळा. त्याच्यात टॅब वर नसतात, डाव्या बाजूला एकाखाली एक लागतात, नावं पूर्ण वाचता येतात, त्यांचे गट करता येतात."

"आणि एकही पसंत पडलं नाही तर?"

"तर नांदा जुन्याबरोबर. मी काय करणार?"

ती खुदकन हसली.

एरवी तो महिन्यातून एकदा यायचा. पण त्यानंतर प्रिंटरला काय झालं कोण जाणे, दर आठवड्याला बिघडायला लागला. मोठ्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आपला प्रिंटर हल्ली फारच नाजूक झालाय." शंकाताईने मान खाली घालून देवमाशाची लांबी तिसऱ्यांदा तपासली.

देखणं स्थळ तिने दोन दिवसांत नाकारलं. माणूसघाणं बिचारं आठवडाभर टिकलं. तिसऱ्याशी मात्र तिचं जमलं.

"का आवडला?" त्याने विचारलं.

"बाजूला बसतो. डोक्यावर बसत नाही."

तो स्टुलावर बाजूलाच बसलेला होता. दोघांच्याही ते लक्षात आलं, आणि मग बराच वेळ दोघंही फार मन लावून पडद्याकडे बघत राहिले.

मग शिकवणी सुरू झाली. त्याने तिला टॅबचे गट करायला शिकवलं, गटांना रंग द्यायला शिकवलं. दोन पुरावे मिळालेलं सगळं हिरव्यात. एकच मिळालाय ते लाल. आईच्या औषधांची, लाइट बिलाची, घरची पानं निळ्यात. काम झालेला गट मिटून ठेवायचा, महिनाभर उघडला नाही तर बुकमार्क करून बंद करायचा. "आणि डोळे मिटून बंद करायचा," तो म्हणायचा. "बंद करताना आत डोकावलं की संपलं, परत मोह होतो."

"आणि जे कुठेच बसत नाही ते?"

त्याने टेबलावर दोन बोटं वाजवली. विचार करायला लागला की तो असं करायचा. "ते पिवळ्यात. विचारायचं आहे असं. एकट्याने सुटत नाही ते सगळं पिवळ्यात टाका."

झालं, पिवळ्याला मरण नाही! तो आला की ती पिवळा गट उघडून एकेक वाचून दाखवायची आणि तो ऐकायचा.

"वटवाघूळ उलटं लटकतं, तर रक्त डोक्यात कसं उतरत नाही?"

"मला काय माहीत? मी प्रिंटर दुरुस्त करतो."

"विचारायचं आहे म्हणून तर पिवळ्यात आहे ना!"

"मग वटवाघळाला विचारा."

"तुम्ही म्हणालात, एकट्याने सुटत नाही ते..."

"अहो, पण दुसरा कोण ते नीट निवडायला नको का?"

"निवडलंय नीट," ती बोलून गेली. बोलून गेली आणि कानापर्यंत लाल झाली. त्याने खिशातून लहानसा ब्रश काढला आणि तिच्या कीबोर्डच्या फटींतली धूळ झाडायला लागला, अगदी एकेका अक्षराभोवती हळूहळू. कीबोर्ड त्याने मागच्याच आठवड्यात झाडला होता.

एकदा तर गंमतच झाली. दोघांनी एकदम माऊसला हात घातला. त्याच्या हातावर तिचा हात पडला आणि दोघांनी असे काही हात मागे घेतले की माऊस टेबलावरून खाली पडला आणि वायरला लोंबकळत राहिला. "उलटा लटकलाय," तो म्हणाला. "आता यालाच विचारा." ती इतकी हसली की मोठ्या बाईंनी केबिनचं दार लावून घेतलं.

असं सगळं बरं चाललं होतं. फार बरं चाललं होतं. आणि मग एका संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर बसस्टॉपपर्यंत चालताना तो म्हणाला, "माझी बदली झालीय."

ती चालतच राहिली.

"कंपनी दुसऱ्या शहरात शाखा काढतेय. मला तिथे प्रमुख केलंय. बढती आहे म्हणजे."

"अरे वा! अभिनंदन."

"एवढंच?"

"अजून काय म्हणू?"

रस्त्याच्या कडेच्या डबक्यात दिव्याचा उजेड हलत होता. तो डबकं चुकवून बाजूला झाला, पुन्हा तिच्या जोडीला आला. "काही नाही... तुम्हाला एवढ्या शंका असतात, म्हटलं काही विचाराल."

"तुम्हाला नाही का काही विचारायचं?"

"आहे." तो थांबला. "पण असं रस्त्यात नाही. पुढच्या आठवड्यात तुमची नवी मशीनं बसवायला येतोय ना, शेवटचं... तेव्हा."

तिची बस आली. ती चढली, खिडकीत बसली. तो खालीच उभा होता, आणि बस वळेपर्यंत उभाच होता.

घरी आईने ताट वाढलं. ती भात नुसता चिवडत बसली. मग म्हणाली, "आई, मी दुसऱ्या गावाला गेले कामासाठी, तर तुझं कसं होईल?"

"कोणाबरोबर?"

"बरोबर कोण म्हणालं?"

"बरोबर कोणी नसताना तुझा आवाज असा होत नाही." आईने तिच्या भातावर आमटी वाढली. "माझं मी बघेन. मावशी केव्हाची बोलावतेय. आधी जेव."

आता तिने काय करावं? सरळ त्याला फोन करावा आणि सांगावं, मी येते, तुम्ही विचारा. पण दुसऱ्यांची वाक्यं खरी-खोटी करण्यात जिचा जन्म गेला, तिला स्वतःचं एक वाक्य उच्चारायचा धीर होईना. मग तिने आपल्या पद्धतीने केलं. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात बसून तिने त्या शहरातली पानं उघडली. तिथल्या एका प्रकाशनात तपासणीच्या कामाची जागा होती, ते पान. भाड्याच्या खोल्यांची पानं. तिथून इकडे यायच्या बसचं वेळापत्रक, म्हणजे रविवारी आईला भेटून जाता येईल. सगळ्यांचा एक गट केला, त्याला पिवळा रंग दिला आणि तो सगळ्यात वर नेऊन उघडा ठेवला. तो मशीन बदलायला बसेल, पहिली नजर त्यावर पडेल आणि त्याला कळेल. तोंडातून शब्द काढावा लागणार नाही. त्यानेच शिकवलेल्या पद्धतीने मांडलेलं, त्याला कळणार नाही असं कसं होईल?

तो दिवस उजाडला. एव्हाना त्याची रंगांची पद्धत सगळ्या ऑफिसाने उचलली होती. मोठ्या बाईंनी सकाळीच सगळ्यांना बजावलं, "जुनी मशीनं जाणार. कामाचं असेल त्याला हिरवा रंग द्या. नव्या मशीनवर हिरवं तेवढं ठेवायचं, बाकी सगळं हा बंद करेल. मागाहून माझ्याकडे रडत यायचं नाही."

तो खोकी घेऊन आला. सगळ्यांची मशीनं बदलत बदलत सर्वांत शेवटी तिच्यापाशी आला. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. ती उठली, पासवर्ड टाकला, तो खिडकीबाहेर बघत होता.

"झालं," ती म्हणाली. "ते... सगळ्यात वरचं..."

"काय?"

"शंकाताई, पानं घेऊन या!" केबिनमधून मोठ्या बाईंची हाक आली.

"काही नाही," ती म्हणाली, आणि पळालीच.

केबिनला काचेची भिंत होती. मोठ्या बाई वाक्यं वाचत होत्या, ती हो-हो म्हणत होती आणि काचेतून त्याची पाठ बघत होती. पडदा दिसत नव्हता, पण उजवा हात दिसत होता. तो हात थांबला. माऊसवर तसाच, न हलता, थांबून राहिला. वाचतोय... त्याने आता मागे वळून बघावं, नुसतं एकदा केबिनकडे बघावं...

त्याने बघितलं नाही. बोट हललं, क्लिक झालं आणि हात पुढच्या कामाला लागला.

ती बाहेर आली तेव्हा टेबलावर नवं मशीन होतं. डाव्या बाजूला नीट एकाखाली एक हिरवे गट, दुसरं काही नाही.

"पिवळा?" तिने विचारलं.

"बंद केला. हिरवं तेवढं ठेवायचं ठरलं होतं ना." तो उठून उभा राहिला. "का? त्यात काही महत्त्वाचं होतं का?"

तिला वाटलं, हा आपली लाज राखतोय. सगळं वाचलं, नको वाटलं, बंद केलं, आणि आता भला माणूस म्हणून आपल्याला मान सोडवून घ्यायला वाट करून देतोय.

"छे. काहीच नव्हतं."

"बरं. मग मला तुम्हाला ते... त्या दिवशी म्हटलं होतं ना, की..."

"मला उशीर होतोय," ती म्हणाली. "प्रवासाला शुभेच्छा."

आणि ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिली. बाहेर आली तेव्हा तो गेलेला होता. नव्या कोऱ्या कीबोर्डलासुद्धा ब्रश मारलेला दिसत होता, कारण ब्रशचा एक केस एका फटीत अडकून राहिला होता.

आईला तिने सांगितलं, "नाही जमलं." आईने पुढे काही विचारलं नाही. मावशीकडे जाण्यासाठी बाहेर काढलेली बॅग तेवढी परत कपाटावर गेली.

वर्ष गेलं. मधल्या काळात त्याचा एकदा फोन आला होता, तिने उचलला नाही. उचलून काय ऐकायचं, कशा आहात, बरी आहे? प्रिंटर मात्र त्या वर्षात एकदाही बिघडला नाही.

मग त्याच कंपनीकडून कॉम्प्युटर तपासायला एक नव्या बाई यायला लागल्या. आडव्या अंगाच्या, अघळपघळ, तोंडाचा पट्टा सतत चालू. पहिल्याच दिवशी शंकाताईच्या पडद्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, गुडघ्यांसाठी कसलं तेल बघतेस? तुझे आहेत की आईचे? हे नको घेऊस, नुसता वास येतो."

"तुम्ही वाचता?" ती ताडकन म्हणाली.

"डोळे दिलेत देवाने, ते वाचणारच! तुमच्याकडे आधी यायचा ना तो, त्याच्यासारखं नाही बाई मला जमत. तो पडद्यावरचं अक्षर वाचायचा नाही. आम्ही किती चेष्टा करायचो त्याची."

"पासवर्ड टाकताना... बघायचा नाही."

"पासवर्ड सोड गं, काहीच वाचायचा नाही. नोकरीला नवा लागला होता तेव्हा एका काकांचा कॉम्प्युटर नीट करायला गेला. पडद्यावर काकांच्या आजाराची पानं उघडी होती. निघताना हा भाबडेपणाने म्हणतो, काका, काळजी घ्या, ऑपरेशन नीट होईल. मागे काकू उभ्या! काकांनी घरात सांगितलंच नव्हतं. काकू मटकन खाली बसल्या. तेव्हापासून याने कानाला खडा लावला. रंग बघायचा, आकार बघायचा, अक्षर म्हणून नाही. तू गुपचूप खजिन्याचा नकाशा उघडून ठेवला असतास तरी त्याने बंद करून टाकला असता."

त्या बाई पुढे बरंच बोलल्या. शंकाताईला ऐकू आलं नाही. तिला आठवत होतं की पिवळ्यातलं सगळं नेहमी तीच वाचून दाखवायची. नेहमी. त्याने आपण होऊन एक ओळ कधी वाचली नव्हती, आणि हे तिच्या समोर, तिच्या शेजारच्या स्टुलावर घडत होतं.

मधमाशीला पाय किती हे सांगायला हिला दोन पुरावे लागायचे. आणि स्वतःच्या आयुष्याचा निकाल हिने एका थांबलेल्या हातावर देऊन टाकला होता, तोही काचेपलीकडून बघून. "तुम्ही वाचलंत का?" एवढं विचारायचं होतं. तीन शब्द. त्याने तर स्वतःहून विचारलं होतं, महत्त्वाचं होतं का म्हणून. आणि ही म्हणाली, काहीच नव्हतं. तिला स्वतःचा इतका राग आला, इतका राग आला, की ती हातातला चहा तसाच ठेवून उठली आणि जिन्यात जाऊन तिने फोन लावला.

"मी रविवारी तुमच्या शहरात येतेय."

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला, "काही काम काढलंत?"

"तपासणीचं."

बसस्टँडसमोरच्या लहानशा हॉटेलात ते समोरासमोर बसले. त्याचा चष्मा बदलला होता. थोडा वाळला होता, की तिलाच तसं वाटलं? चहा आला. तिने कपाला हातही लावला नाही.

"एक विचारते. पिवळा गट बंद करताना आतलं वाचलं होतंत?"

"नाही," तो लगेच म्हणाला. "मी वाचत नाही कुणाचंच."

"तुमचा हात थांबला होता. मी बघत होते."

"थांबला होता. पिवळा म्हणजे तुम्हाला काहीतरी विचारायचं असणार. वाटलं, बंद करण्याआधी हाक मारावी. पण तुम्ही कामात होतात. म्हटलं, बाहेर आलात की विचारू." त्याने मान वर केली. "विचारलं होतं मी."

"हो. विचारलं होतंत."

"काय होतं त्यात?"

तिने सांगितलं. कामाची जागा, खोल्या, रविवारच्या बसच्या वेळा. एकेक करून, पूर्वी वाचून दाखवायची तसं. तो ऐकत होता. त्याची दोन बोटं टेबलावर आली, पण वाजली नाहीत.

"मी त्या दिवशी विचारणार होतो, माझ्याबरोबर याल का म्हणून," तो म्हणाला. "शर्टसुद्धा इस्त्रीचा घातला होता."

"बघितलं होतं मी."

"तुम्ही शुभेच्छा दिल्यात. नंतर फोन उचलला नाहीत. मला वाटलं, जास्त सलगी केली मी. रागावलात."

"घाबरले होते. लाज वाटत होती. रागावले नव्हते हो, रागावले अजिबात नव्हते."

हॉटेलवाल्याने शेजारचं टेबल पुसलं, खुर्च्या सरकवल्या. हॉटेलवाला दूर गेल्यावर त्याने खालच्या आवाजात सांगितलं, "माझं लग्न ठरलंय. पुढच्या महिन्यात."

तिला ठाऊक होतं. म्हणजे कोणी सांगितलं नव्हतं, पण फोनवर तो गप्प राहिला तेव्हाच कुठेतरी तिने ते ऐकलं होतं.

"कशी आहे?"

"चांगली आहे. मोकळं बोलते. मनात आलं की सांगून टाकते." हे म्हटल्यावर त्यालाच कसंसं झालं. "म्हणजे, तसं म्हणायचं नव्हतं मला..."

"असू दे. बरोबर आहे ते." तिने गार झालेल्या चहाचा एक घोट घेतला. "तिला शब्द दिलाय ना? मग मोडू नका. मी त्यासाठी नाही आले. मला तुम्ही फार आवडायचात, आणि हे मी तुम्हाला तोंडाने कधी सांगितलं नाही. तेवढं सांगायला आले."

त्याने चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला, आणि पुन्हा काढला.

परतीची बस लागली होती. तो तिच्याबरोबर रस्ता ओलांडून आला. पायरीवर पाय ठेवून ती वळली.

"अजून एक. वाचलं असतंत, तर काय म्हणाला असतात?"

"आता कशाला विचारता?"

"न विचारून काय झालं ते बघितलं ना आपण. सांगा."

तो जरा वेळ बसच्या चाकाकडे बघत राहिला. "कुठली खोली बघितली होतीत?"

"पाण्याच्या टाकीजवळची. तिसरा मजला. मोठी खिडकी होती."

"ती नसती घेऊ दिली," तो म्हणाला. "पहाटे टाकी भरते, फार आवाज येतो. आणि तिसरा मजला नकोच. मी तळमजल्याची शोधली असती."

"तळमजल्याची का?"

"आईंचे गुडघे दुखतात ना. तुम्हीच सांगितलं होतंत." त्याला प्रश्नच कळला नव्हता. "त्यांना काय तिकडे एकट्यांना ठेवणार होतो आपण?"

कंडक्टरने घंटी मारली. ती आत गेली, मिळेल त्या जागेवर बसली. खिडकी दुसऱ्या बाजूची होती, तो दिसत नव्हता. बस सुरू झाली. शेजारच्या बाईंनी विचारलं, "अहो, बरं वाटत नाहीये का?" तिने मान हलवली, आणि गाव मागे पडेपर्यंत ती पदर तोंडाशी धरून रडत राहिली.